बारा रोवण्या

रात्री ओरडून उठायचे, तेव्हा नाही.
सासू म्हणायची, सपन होय, कूस बदल.
मी कूस बदलली. बारा वर्षं बदलत राहिले.

मासोळीचा वास सोसेना, तेव्हाही नाही.
घरात झिंगे शिजले की
मी मागच्या अंगणात चटणी-भात घेऊन बसायची.
लोक म्हणाले, माळकरी झाली.
बरं झालं म्हणाले.

भगताकडे नेलं. त्यानं काळा दोरा बांधला,
नदीतच नारळ सोडायला सांगितला.
नवरा जाऊन सोडून आला,
मी काठापर्यंतही गेले नाही.
दोरा कुजला. घागर मी अर्धीच भरत राहिले;
बादलीत पाणी वरपर्यंत आलं की
कानात कोणीतरी बोट घालतं.

माणसं मोजायची सवय तर कोणाला दिसलीच नाही.
मांडवात पंगत बसली की मोजायची,
बांधीत वाकलेल्या पाठी मोजायची,
अकरा भरल्या की पुन्हा पहिलीपासून.
त्या दिवशी डोंग्यात आम्ही अकरा होतो.
वैनगंगेपलीकडची बांधी रोवून परत येत होतो,
पदराला चिखल, बोटं सुरकुतलेली.
मालकीण चहा कसा मोजून ओतते
त्याची नक्कल करत होती दुर्पता,
आणि आम्ही हसत असतानाच एक बाजू वर गेली.

आठ जणी निघालो.
दुर्पताचा हात माझ्या हातात होता.
मग नव्हता.
सुटला, असं मी पंचनाम्यात सांगितलं.
सुटला, असं तिच्या मायला सांगितलं.
सुटला की सोडला,
हे विचारणारं कोणी नव्हतं,
म्हणून मीच विचारायची, भांडी घासताना.

तरी तेव्हाही नाही.
कामं होत होती ना.
पोर झाली, तिचं जावळ काढलं,
बचत गटाचा हिशेब माझ्याकडे,
एक रुपया इकडचा तिकडे नाही.
अशा बाईला काय झालंय म्हणायचं?

मग तान्हा पोळा आला.
प्रांजूच्या एका हातात लाकडाचा नंदी,
दुसरा माझ्या हातात.
वाटेतल्या नाल्याला घोट्याएवढं पाणी.
पलीकडे गेलो, देवळापर्यंत गेलो,
बक्षिसाच्या पेन्सिली वाटून झाल्या,
तेव्हा कोणीतरी म्हणालं,
अवं, पोरीचा हात सोड ना आता.

दुसऱ्या दिवशी रहांगडाले मॅडमनी विचारलं,
बोटं काळीनिळी कशानं गं?
प्रांजू म्हणाली, दारात सापडली.
सहा वर्षांची.
संध्याकाळी माझ्या कानाशी येऊन हळूच,
"मी नाही सांगतलं, आई. तू भिऊ नको."

तेव्हा.

आशाताई मायाबाई टेंभुर्णे तीनदा सांगून गेली होती,
तालुक्याला मनाची डॉक्टर येते म्हणून.
मी तिला म्हटलं होतं, मी काय पागल आहो?
आता मीच तिच्या दारात उभी.
कोणता वार म्हणाली होतीस?
ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.
मंगळवार, म्हणाली. साडेनऊची एसटी.
मी येतो सोबत.

एसटी पुलावरून जाते. पूल नंतर झाला.
मी डोळे मिटले,
मायाबाईच्या पिशवीचा बंद धरला.
हात नाही धरला.

खिडकीतल्या पोरानं विचारलं, नाव?
सांगितलं.
त्रास काय?
ताप नव्हता, खोकला नव्हता.
हात, म्हटलं.
दुखतो?
नाही. सुटतो.
त्याचं पेन थांबलं.
किती दिवसांपासून?
बारा रोवण्या, म्हटलं.
मागं रांग वाढत होती. त्यानं तसंच लिहिलं,
सात नंबरच्या खोलीबाहेर बसा म्हणाला.

बाकावर चार जणी होत्या.
मी धरून पाच.